मत हरवतं ते यादीत

मतदान केंद्रावर हातात मतदान कार्ड घेऊन आलेल्या माणसाला "तुमचं नाव यादीत नाही" असं ऐकावं लागतं, तेव्हा त्याचा राग समोर बसलेल्या कर्मचाऱ्यावर निघतो. पण त्या घडीला त्या कर्मचाऱ्याच्या हातात काही नसतं. केंद्राध्यक्षाच्या नसतं, तहसीलदाराच्याही नसतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २३(३) नुसार उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की निवडणूक पार पडेपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत एकही नाव घालता येत नाही. कार्ड ही फक्त ओळख आहे. मत द्यायचा हक्क यादीतल्या नोंदीतून येतो.

मतदार जागृतीच्या नावाखाली आपल्याकडे शेवटच्या पंधरा दिवसांत रांगोळ्या होतात, प्रभातफेऱ्या निघतात, सेल्फी पॉइंट उभे राहतात. ते वाईट नाही. पण ज्याचं नाव गळलेलं आहे त्याला त्या प्रभातफेरीचा काडीचा उपयोग नाही. यातली निम्मी मेहनत प्रारूप यादी, म्हणजे हरकतींसाठी लावलेली कच्ची यादी, लागते त्या काळात झाली, तर जास्त लोक मत देऊ शकतील, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे सगळं यादीबद्दल.

आधी तारखांचा हिशेब, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात. निवडणूक जाहीर झाली की नाव नोंदवू, असं अनेक जण म्हणतात. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचं बघा. घोषणा १५ ऑक्टोबरला, अधिसूचना २२ ला, उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर आणि मतदान २० नोव्हेंबर. आता २९ ऑक्टोबरपर्यंत अर्ज दिला तरी चालेल असं वाटतं. ते खरं नाही. आलेल्या अर्जांची यादी लावून हरकतींसाठी सात दिवस थांबावं लागतं, मग पडताळणी, मग निर्णय. त्यामुळे उमेदवारीच्या शेवटच्या दिवसाआधी साधारण दहा दिवस अर्ज पोहोचलेला असावा लागतो. म्हणजे त्या वेळी १९ ऑक्टोबर. घोषणेनंतर हातात उरले चार दिवस, त्यात एक शनिवार. मतदानाला महिना आहे म्हणून निवांत राहिलेला माणूस तिथेच बाद झाला.

वयाचा हिशेब २०२२ पासून बदलला आहे आणि तो अजून घराघरांत पोहोचलेला नाही. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असतील तरच नोंद व्हायची. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. वय १७ पूर्ण झालं की आगाऊ अर्ज करता येतो आणि ज्या तिमाहीत १८ पूर्ण होतील तेव्हा नाव यादीत जातं. बारावीच्या वर्गात वर्षातून एकदा हे सांगून तिथेच अर्ज भरून घेतले, तर पुढचा बराच त्रास वाचतो. फोटो साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो. वयासाठी जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र द्यावं. त्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः सारखं असू द्या. आधार क्रमांक दिला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

नमुना ६ की नमुना ८

नमुना ६ हा अर्ज ज्याचं नाव देशातल्या कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी आहे. घर बदललं, गाव बदललं, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी आहे, या सगळ्यासाठी आता एकच नमुना ८ आहे. पत्ता त्याच विधानसभा मतदारसंघात बदलला काय किंवा दुसऱ्या जिल्ह्यात गेला काय, नमुना ८ च.

यातली नेहमीची चूक अशी: नांदेडहून पुण्याला आलेला माणूस नव्या पत्त्यावर सरळ नमुना ६ भरतो आणि "माझं नाव अन्यत्र कुठेही नाही" या घोषणेवर सही करतो. आता त्याची दोन नावं झाली, दोन एपिक (मतदान कार्डाचे) क्रमांक झाले. कलम १७ नुसार एका माणसाचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. कलम ३१ नुसार जाणूनबुजून खोटी घोषणा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेपर्यंत गोष्ट क्वचित जाते. पण दुबार नावांची छाननी सुरू झाली की नेमकं कुठलं नाव कापलं जाईल हे आपल्या हातात राहत नाही. नमुना ८ भरला तर एपिक क्रमांक तोच राहतो, जुन्या ठिकाणचं नाव निघतं आणि नव्या ठिकाणी लागतं.

लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हा घोळ सर्वांत जास्त होतो. माहेरच्या यादीतून "लग्न होऊन गेली" म्हणून नाव कमी होतं आणि सासरी मात्र कोणी अर्ज भरलेला नसतो. दोन निवडणुका अशाच जातात. लग्नानंतर बँकेत, रेशनकार्डावर नाव बदलायला जातो त्याच आठवड्यात नमुना ८ भरा. पत्ता बदलायला आणि नातेवाइकाचं नाव बदलायलाही नमुना ८ च लागतो. आडनाव बदलायचं नसेल तर बदलू नका. त्याची सक्ती कुठेही नाही, आणि बाकी कागदांवर जुनंच नाव असेल तर तेच ठेवणं सोयीचं पडतं.

"इथे राहत नाहीत" या तीन शब्दांची किंमत

कायद्यातला शब्द आहे सामान्य रहिवासी. गावात घर मालकीचं आहे एवढ्याने माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. पण त्याच कलम २० मध्ये हेही स्पष्ट लिहिलं आहे की तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. हे दुसरं वाक्य ऊसतोड कामगारांसाठी सोन्यासारखं आहे.

बीड, अहिल्यानगर, जालन्यातून हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. यादीचं वार्षिक संक्षिप्त पुनरीक्षण साधारण याच काळात चालतं: प्रारूप यादी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दावे-हरकती पुढचा महिनाभर, अंतिम यादी जानेवारीत. बीएलओ, म्हणजे त्या केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, दारात येतो तेव्हा कुलूप असतं. शेजारी सहज म्हणून जातो, "ते इथे राहत नाहीत." त्यावर स्थलांतरित असा शेरा पडला की नावावर टांगती तलवार आली.

यावर उपाय साधे आहेत, पण ते गाडी हलायच्या आधी करावे लागतात. बीएलओकडे कुटुंबातला एक चालू मोबाइल क्रमांक नोंदवून ठेवायचा. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि शेजाऱ्यांना पक्कं सांगायचं की कोणी विचारलं तर "हंगामाला कामावर गेलेत, परत येणार आहेत" असंच उत्तर द्या. गावात उरलेल्या एखाद्या शिकलेल्या पोराने प्रारूप यादी लागल्यावर टोळीतल्या सगळ्यांची नावं तपासून मुकादमाच्या फोनवर कळवायची. मतदान हंगामात आलं तर गावी यावंच लागतं, त्याला सध्या पर्याय नाही. ७२ मतदारसंघांची मतं एका ठिकाणी घेऊ शकेल अशा दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पुढे आणला होता, पण ते अजून वापरात आलेलं नाही.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, जिथे हवं तिथे नाव ठेवता येतं, मात्र दोन्हीकडे नाही. वसतिगृहाचा पत्ता हवा असेल तर संस्थेच्या प्रमुखाचं पत्र जोडावं लागतं. पुलाखाली, फुटपाथवर राहणाऱ्यांकडे पत्त्याचा कागद मागितला जात नाही. बीएलओने रात्री त्या जागी जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं, एकाहून जास्त रात्री, असा आयोगाचा नियम आहे. बेघरांसाठी काम करणाऱ्यांनी हा नियम पाठ ठेवावा, कारण अर्ज घेताना समोरच्या अधिकाऱ्यालाही तो ठाऊक असेलच असं नाही.

नाव शोधताना

आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधायचं तर एपिक क्रमांकाने शोधा. नावाने शोधलं की आडनाव आधी, नाव नंतर, "शिंदे"चं "शिदे", "ज्ञानेश्वर"चं "द्यानेश्वर" अशा भानगडीत माणूस "नाव नाही" समजून बसतो. नावानेच शोधावं लागलं तर वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय बदलून दोन-तीनदा बघा. जुन्या कार्डांवर "एमटी"ने सुरू होणारा तिरप्या रेघांचा लांब क्रमांक असतो. तो आता चालत नाही. तीन अक्षरं आणि सात अंक असा नवा क्रमांक मिळालेला असतो, तो बीएलओकडे किंवा १९५० या मदत क्रमांकावर विचारा.

नाव सापडलं की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या, पण मागच्या निवडणुकीचे क्रमांक यंदा वापरू नका. केंद्रांची पुनर्रचना झाली की भागही बदलतात. घरातल्या चौघांची नावं तीन भागांत विखुरलेली दिसली तर तेही नमुना ८ ने जागेवर आणता येतं.

एका केंद्राचं काम कोणी अंगावर घेणार असेल, गणेश मंडळ असो, सोसायटी असो की महिला बचत गट, तर ते किती आहे ते आधी समजून घ्या. एका केंद्रावर आता जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचे असं धोरण आहे. यादीच्या एका पानावर ३० नावं, म्हणजे चाळीस पानं. ही पीडीएफ मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळते, पण ती चित्ररूपात असल्याने संगणकावर शोध चालत नाही. ती छापून डोळ्यांनीच वाचावी लागते. वस्तीची माहिती असलेली चार माणसं बसली तर दोन संध्याकाळी पुरतात. गावात ग्रामसभेत चावडी वाचन होतं, त्याला हजर राहणं हा त्याहून सोपा रस्ता, पण तिथे वाचणारा घाईत असतो.

वाचताना पहिली खूण करायची ती यादीत नसलेल्यांची. बहुतेक गट उलटं करतात. मयत आणि गेलेली नावं शोधून ती कापण्याच्या मागे लागतात, कारण ती पटकन दिसतात. यादीत नसलेला माणूस पानावर दिसत नाही. तो आठवावा लागतो. म्हणून घर क्रमांकाच्या क्रमाने जा आणि प्रत्येक घरी विचारा: यंदा १८ झालेलं कोण, नवीन सून कोण, भाडेकरू कोण? भाडेकरूंना बहुतेकदा कोणीच विचारत नाही. त्यांच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार नसेल तर आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, वर्षभराचं वीज-पाणी-गॅसचं बिल यांतलं काहीही पत्त्यासाठी चालतं.

नाव वगळण्याचा नमुना ७ मात्र हातात जपून धरा. मयताचा दाखला असेल तर प्रश्न नाही. पण "गेले असतील" या ऐकीव माहितीवर दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ नका. ती घोषणाही कलम ३१ खाली येते, आणि चूक झाली तर जित्या माणसाचं मत गेलं.

तुमच्याच नावावर हरकत आली तर

मृत्यू वगळता इतर कारणाने, विशेषतः रहिवास संपला म्हणून, नाव काढायचं असेल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने आधी म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. कलम २२ मध्येच ते आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात हेही सांगितलं की एकदा यादीत असलेल्या नावामागे आधीच्या तपासणीचं बळ असतं आणि ते सहजासहजी झटकून टाकता येत नाही. नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. सुनावणीला जा, रहिवासाचा एक कागद न्या आणि दिलेल्या कागदाची पोच घ्या. निर्णय विरुद्ध गेला तर कलम २४ खाली पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, आणि त्यांच्या आदेशावर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. निर्णयाची प्रत लेखी मागून घ्या, तिच्याशिवाय अपील लंगडं पडतं.

विशेष सखोल पुनरीक्षणात तर गणित आणखी वेगळं असतं. तिथे घरोघरी दिलेला गणना अर्ज परत गेला नाही तर नाव प्रारूप यादीत येतच नाही. बिहारमध्ये १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. ती नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. त्यामुळे असं पुनरीक्षण सुरू झालं की भरलेल्या अर्जाची दुसरी प्रत बीएलओच्या सहीनिशी जवळ ठेवा, आणि प्रारूप यादीबरोबर वगळलेल्यांची यादीही वाचा.

स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी स्वतः बनवत नाही. ठरलेल्या दिवशी असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. विधानसभा यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या हरकतीत ते घालता येत नाही. तिथे फक्त चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, विधानसभा यादीत असूनही प्रभाग यादीत राहून गेलेलं नाव किंवा लेखनाची चूक एवढंच दुरुस्त होतं. पदवीधर मतदारसंघाची यादी तर दर वेळी कोऱ्या कागदापासून बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून निश्चिंत राहू नका, नमुना १८ पुन्हा भरावाच लागतो.

यादीत आहेत, पण केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत

वय ८५ च्या पुढे असलेल्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांत पोहोचावा लागतो. २०२४ च्या विधानसभेला ती मुदत २७ ऑक्टोबरला संपली, मतदानाच्या तब्बल चोवीस दिवस आधी. अर्ज मंजूर झाला की यादीत त्या नावापुढे टपाली मताची खूण होते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. पथक आधी कळवून येतं. मतदार घरी सापडला नाही तर दुसऱ्यांदा येतं, तिसऱ्यांदा नाही. म्हणून आजोबांना त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं असेल तर बीएलओला आदल्या दिवशीच सांगा. जे थोडंफार चालू शकतात त्यांनी केंद्रावर जायचं ठरवलं तर रॅम्प आणि चाकाची खुर्ची मिळते. अंध मतदार सोबत १८ वर्षांवरचा सोबती नेऊ शकतो. मात्र एक सोबती एका दिवशी एकाच मतदाराला मदत करू शकतो, त्यामुळे वस्तीतल्या तिघांसाठी तीन माणसं आधीच ठरवा.

निवडणूक कामावर असलेले शिक्षक आणि कर्मचारी स्वतःच मताला मुकतात, हे दर वेळी घडतं. पहिल्या प्रशिक्षणातच टपाली मताचा नमुना १२ किंवा निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्राचा १२-अ भरून द्या, दुसऱ्या प्रशिक्षणाची वाट बघू नका. लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी कामगारांना भरपगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३५-ब नुसार मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्यांनाही. दंड फक्त पाचशे रुपयांपर्यंत, म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. दंड वाढायला हवा. तोवर तक्रार जिल्हा निवडणूक कार्यालयात मतदानाच्या आधीच द्या, नंतर दिलेल्या तक्रारीने गेलेलं मत परत येत नाही.

केंद्रावर अडलंच तर

कार्ड घरी राहिलं म्हणून परत फिरू नका. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, दिव्यांग ओळखपत्र यांसह बारा कागद चालतात. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळखपत्र नाही. दुसऱ्या मतदारसंघातलं जुनं मतदान कार्डही चालतं, या केंद्राच्या यादीत नाव असलं की झालं. कार्डावर नावात काना-मात्रेची चूक असेल आणि माणूस तोच आहे हे पटत असेल तर त्यावरून परत पाठवता येत नाही.

केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशी एक वेगळी यादी असते. तिच्यात तुमचं नाव असेल तरी घाबरू नका. मूळ यादीत नाव असेल तर ओळख पटवून, अंगठ्याचा ठसा घेऊन मत देऊ द्यावं लागतं. संध्याकाळी सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. "वेळ संपली" असं कोणी सांगितलं तर रांग सोडू नका, चिठ्ठी मागा.

आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर तसं तोंडाने सांगून घरी जाऊ नका. प्रदत्त मत मागा. ओळख पटली की केंद्राध्यक्ष नमुना १७-ख मध्ये तुमची सही घेतो आणि यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतो. त्यासाठी प्रत्येक केंद्रावर अशा वीस मतपत्रिका दिलेल्या असतात. ही मतं नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत. पण निकाल थोडक्या मतांनी लागला आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर बंद पाकिटातली तीच मतपत्रिका उघडली जाऊ शकते. नमुना १७-ख मध्ये नोंद नसेल, तर तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं याचा केंद्राच्या कागदांत कुठे मागमूसही राहत नाही.